रिकामं फंक्शनही पास!

टेस्ट पास झाली म्हणून कधी हातपाय गार पडलेत का तुमचे? माझे पडलेत.

पनवेलला आमची छोटी कंपनी सी भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, बनवते. त्याच्या लायब्ररीतली, मजकूर एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणारी फंक्शनं, म्हणजे कोडचे तयार तुकडे, तपासायचं काम माझं आणि शबानाचं. सगळं पास झालं होतं आणि दुपारी ते सलाइनचे पंप बनवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे जाणार होतं.

शबाना म्हणाली, "एकदा मुद्दाम बिघडवून बघू. टेस्ट ओरडते का ते तरी कळेल."

तिने कॉपीच्या फंक्शनमधला सगळा कोड उडवला. आता ते काहीच कॉपी करणार नव्हतं. टेस्ट चालवली. पास!

"तू सेव्ह केलं नसशील," मी म्हटलं.

"या अल्लाह, केलंय गं! तूच बघ."

मी चालवली. पुन्हा पास.

आमचे पाटील सर चहाचा कप घेऊन तसेच उभे राहिले. "मग मूळ मजकूर आणि कॉपी सारखी आहे का, ही तुलना टेस्ट कशाने करते?"

"आपल्याच लायब्ररीतल्या फंक्शनने." मी ते उघडलं. कुणीतरी तात्पुरतं लिहून तसंच सोडलं होतं: काहीही द्या, उत्तर एकच, 'दोन्ही सारखे'.

ते दुरुस्त केलं, मूळ कोड परत आणला आणि टेस्ट चालवली, तर स्क्रीन लालभडक. मेमरीत राखलेल्या जागेपेक्षा लांब नाव दिलं की ते शेजारच्या आकड्यावर चढून तो पुसत होतं. पंपात तिथे औषधाचा डोस असला असता.

सरांनी तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला.

"अहो, सगळं पास आहे म्हणाला होतात ना?" पलीकडून आवाज आला.

"साहेब," सर म्हणाले, "नापास करायला आमच्या टेस्टला येतच नव्हतं."