घडावरची चमक

हात लावून पाहा ना साहेब, लाजून काहून राहिले? नाशिकवून चिखलदऱ्याले आले, ते काय लांबून पाहाले? झिनफँडेल द्राक्ष हाय हे! अख्ख्या वऱ्हाडात कोणापाशी हाय? कोणापाशीच नाई — या देवरावापाशी हाय. आमच्या शेंदूरजनाघाटात समदे संत्रावाले. बापानं संत्रा लावला म्हणून लेकानं संत्रा लावाचा, डोकं लावाचंच नाई! मी म्हणलं, वाइनचं द्राक्ष म्हंजे शास्त्र हाय — उंचावरचा उतार पाह्यजे, रातची थंडी पाह्यजे, मुळाशी पाणी थांबलं नाई पाह्यजे. बराबर? बराबर. संत्र्याचं वावर इकलं अन् हा डोंगर घेतला. लोकं हासले. माह्या सासऱ्यानं, नत्थुजीनं, तं बोलणंच टाकलं. पण तुमी — वर वेलावरचे घड पाहून कसे खुश झाले होते! मंग आता शेडमंदी क्रेटातला मणी नखानं खरडून काहून पाहून राहिले?

काय? चमकते? चमकणारच! वेलावर असते तवा मण्यावर पांढुरकी भुकटी राह्यते — धूळ हो, डोंगराची. तुमच्या एवढ्या मोठ्या वाइनच्या कारखान्यात धुळीचा माल धाडू? आमची काई इज्जत हाय का नाई? समदा माल धुतला. मंग संत्र्याले लावतात ते मेण लावलं. पयलं क्रेट संत्र्याच्या मशीनवर टाकलं, ब्रश फिरला अन् — जाऊ द्या — रस झाला. मंग माह्या बायकोनं, सुभद्रेनं, बाया लावल्या, फडक्यानं एकेक घड पुसला. नाशकात कोणी करते का इतकं? नाई करत.

काय म्हणता? थे भुकटीच पाह्यजे होती? तिच्यातल्या खमिरानंच रस आंबून वाइन होते? — असं कसं बाप्पा! मंग मेण काढून देतो ना, कोमट पाण्यात बुडवतो, साबण लावतो — साहेब, सही न करताच पेन खिशात काहून ठेवून राहिले?

आयका. थे बाजीवर टोपी घालून बसले ना, थेच माहे सासरे. पयली गाडी निंगते म्हणून मीच बलावलं, नारळ फोडाले. इतक्या वर्षांनी माह्या दारात आले बुढे. अन् मेण — मेण त्याईनंच देलं. सोता डबे घेऊन घाट चढले, म्हणे जावईबापू, मालाले चमक पाह्यजे. शास्त्र मले समजत होतं हो, पण त्याईले नाई म्हणाले जीभच रेटली नाई... नाई, खरं सांगतो, मलेबी ते चमकणारे घड लय आवडले.

निंगाले? बरं. जाता जाता त्याईनं इचारलं, तं मालाले डोंगर मानवला नाई म्हणा. देवरावले अक्कल नाई म्हणा. मेणाचं नाव काढू नका. — सुभद्रे, साहेबाचा चहा उतरव वं, निंगाले थे! — या आता. अन् गाडी तिकडून घ्या, फोडाले मांडलेल्या नारळाच्या अंगावरून नका नेऊ.