सड्यावरची ती ठळक रेघ

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, सत्कारमूर्ती महेंद्र तांबेसाहेब, प्रेमलावहिनी आणि जमलेल्या रत्नागिरीकर बंधू-भगिनींनो,

मघापासून ह्या निरोप समारंभात तांबेसाहेबांना ‘कंपनीचं भूषण’ म्हटलं जातंय. मला ते ऐकवत नाही. भूषणाला सहा वर्षं कुणी दप्तरखान्यात बसवतं का? का बसवलं, ते एकाही वक्त्याने सांगितलं नाही. मी विनीत सुर्वे, त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस. मी सांगतो.

देवरूखच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी पठारावर, आम्ही खनिज शोधत होतो. जमिनीत बारीक स्फोट करायचे, खालच्या खडकावर आपटून परत येणारे हादरे यंत्रांनी टिपायचे. कठीण कातळात हे प्रतिध्वनी क्षीण आणि गोंधळलेले येतात. तरी एका जागी, दोनशे मीटर खोलीवर, आलेखात ठळक रेघ उमटली. खनिज सापडलं म्हणून वरिष्ठांनी लगेच पेढे मागवले!

तांबेसाहेब मात्र तिथल्या वाडीत गेले. वाडीतली म्हातारी गोदाआजी म्हणाली, “सायब, आमचा झरा मे म्हयन्यात पन आटत नाय.” साहेबांनी सगळी मोजणी पुन्हा तपासली आणि अहवालात लिहिलं, ‘ही पाण्याने भरलेली भेग असावी. इथे बोअर मारू नये.’

ते पान काढून टाकलं गेलं. उरलेल्या अहवालावर साहेबांनी सही नाकारली. वरिष्ठ मला म्हणाले, “विनीत, तू कर. बढती तुझीच.”

केली. ह्याच हाताने. शिसारी येते मला ह्या हाताची.

बोअर मारली. खनिज नव्हतंच. पाणी उसळलं, महिनाभर वाहून गेलं आणि झरा आटला. कंपनीने पत्रक काढलं, ‘यंदा पाऊस कमी.’ तेव्हा तांबेसाहेब ग्रामसभेत उभे राहिले. “पाऊस नव्हे, हे आम्ही केलं.” दुसऱ्याच दिवशी त्यांची रवानगी दप्तरखान्यात. वाडीतल्या बाया अजून घाटी उतरून पाणी आणतात, आणि इथे शाल-श्रीफळ!

अध्यक्षमहोदय, खुणावू नका, संपवतोच. त्या पानाची प्रत मी इतकी वर्षं कपाटात लपवली होती. काल ती, माझ्या लेखी कबुलीसह, ग्रामपंचायतीत दिली. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. सहीची माफी मात्र इथे मागत नाही. ती मागायला उद्या सकाळी गोदाआजीच्या दारात जातोय. एकट्याने जायचं धाडस होत नाही.

तांबेसाहेब, सोबत याल?