पाचही कार्डांवर दलदल

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अगं ताई, तू होय! … हो, हळूच बोलतेय. वायर ओढून फोन स्वयंपाकघरात आणलाय, दार लोटून उभी आहे. … नाही गं, कोणी आजारी नाही. बाहेरच्या खोलीत बबीचे साहेब बसलेत. यांच्या पायजम्यात!

… हसू नकोस. खरंच सांगते. कोशाचे मुख्य संपादक. एवढे ताडमाड, आणि पायजमा नडगीपर्यंत. त्यांची पँट बादलीत भिजत घातलीय. तीनदा पाणी बदललं, तरी गढूळच.

… सांगते ना. अगं, ऐक ना आधी. बबी कुठे कामाला आहे, माहितीये ना? … हां, तोच. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ देणारा कोश. तिथे एकेका शब्दाचं एकेक कार्ड असतं. साहेबांनी तांबड्या पेन्सिलीने सही केली की तो अर्थ छापायला जातो. तर बबीकडे पाण्याचे शब्द आले. मार्श, स्वॉम्प, बॉग, फेन, मायर… पाठ झालेत मला! सांग भावोजींना, मेहुणी इंग्रजी फाडतेय म्हणावं. … तर साहेबांनी पाचही कार्डांवर एकच अर्थ लिहिला. दलदल. पाचही वेळा दलदल!

… चुकलं नाही तर काय? खाट, पाट, खुर्ची, सगळ्याला नुसतं 'बसायचं' म्हटलं तर चालेल का तुला? … हां, मग!

… बबीने तोंड उघडलं ना काल. म्हणाली, "माझ्या बाबांना विचारा. एकतीस वर्षं पाणथळीचे राखणदार होते. या जमिनी ते पायाने ओळखतात." साहेब म्हणाले, शब्द पुस्तकात ठरतात, चिखलात नाही. … अस्संच म्हणाले, सगळ्या कचेरीसमोर. मग हिचं डोकं फिरलं. उद्या चला माझ्याबरोबर, म्हणाली, बाबा चूक ठरले तर राजीनामा देते. … हो ना! कुणावर गेलीय कोण जाणे. … माझ्यावर? मी कुठे बोलते एवढं?

… आणि आज सहा वाजता ती पानं छापायला चढणार. एकदा छापली की वीस वर्षं तशीच राहणार.

… तर दुपारी जेवून तिघं गेले. यांच्या हातात बांबू, खांद्यावर फळी. आधी झाडं उभी असलेलं पाणी दाखवलं, तो बबीच्या कार्डावरचा स्वॉम्प. म्हणाले, "याला आम्ही पाणरान म्हणतो. इथे माणूस बुडत नाही, वाट हरवतो." मग लव्हाळी लागली. गुडघाभर पाणी, पण तळ घट्ट. तो लव्हाळपट्टा, म्हणजे मार्श. साहेब नुसतं हं, हं करत होते. पुढे शेवाळाची हिरवीगार गादी आली, तो बॉग. हे म्हणाले, "ही डुलती भुई. फळीशिवाय पाऊल टाकू नका." साहेब म्हणाले, "अहो, मघाचीच की ही, जरा कोरडी दिसतेय एवढंच." आणि टाकलं पाऊल!

… कंबरेपर्यंत! … नाही, नाही, लागलं नाही काही. पण घाबरले गं. हातपाय झाडायला लागले, तसतसे आणखीच आत. बबी किंचाळली. आणि हे… ताई, यांचा आवाजसुद्धा चढला नाही. "साहेब, धडपड थांबवा. मागे रेला, पलंगावर रेलता तसे." फळी सरकवली, बांबू हातात दिला, आणि इंच इंच करत ओढलं बाहेर. एक बूट गेला तो गेलाच.

… काठावर आल्यावर काय बोलले असतील? … छे, आभार-बिभार काही नाही! बबीला म्हणाले, "ते दुसरं कार्ड काढ. बॉग्ड डाउन." … अगं, म्हणजे कामात रुतणं. काम झेपेनासं झालं की इंग्रज माणूसही पाण्याचेच शब्द काढतो. स्वॉम्प्ड म्हणतो, पुरात सापडल्यासारखा इनंडेटेड म्हणतो… आणि साहेबांनी त्या सगळ्यांपुढे लिहिलेलं, 'भारावून जाणे'! … हो ना, भारावतो माणूस सत्काराच्या वेळी! ढीगभर भांडी बघून मी कधी भारावलेय का?

… मग काय, तासभर झाला, हे सांगतायत आणि ते लिहून घेतायत. फटीतून ऐकलं मी. "पूर आला की विचार करायला वेळच मिळत नाही," म्हणाले. "पाणरानात चारी बाजूंनी वेढलं जातं, कुठून निघावं कळत नाही. आणि डुलत्या भुईत जेवढी धडपड करावी तेवढं खोल." चौथी पास माणूस, ताई! आणि मुख्य संपादक मान खाली घालून लिहितायत.

… माहितीये मला. तुमच्याकडे यांचं नाव निघालं की काय बोलायचे, ते सगळं ठाऊक आहे. … नाही गं, भावोजींवर राग नाही. होता, आता नाही. आणि मी तरी काय मोठी शहाणी? कोणी विचारलं की "खात्यात आहेत" एवढंच सांगायचे. चिखलाचं नाव काढायची लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटतेय. … नको, समजूत नको घालूस. मिरवू दे मला थोडं.

… कुठे ठरलंय अजून? तोच तर घोर आहे. लिहून घेतलं सगळं, पण पानं बदलतो असं काही म्हणाले नाहीत. साडेपाच वाजून गेले. बबी नखं खातेय. … हे? हे कसले विचारतायत! "त्यांचा कोश, त्यांनी ठरवावं," म्हणून मोकळे झाले.

… थांब, थांब. खुर्ची सरकली वाटतं. … उठले. … अगं बाई, इकडेच येतायत, पायजमा सावरत!

या ना साहेब. काय हवं होतं? … फोन? … हो, हो, हा घ्या… एक मिनिट हं.

ताई, ठेव! … अगं, ठेव लवकर, छापखान्याला फोन करायचाय त्यांना. … पानं चढवू नका म्हणून! … नाही, रडत नाहीये. … बरं, रडतेय. ठेव गं आता, पावणेसहा झाले!