चौथ्या व्हॉल्व्हवरचं नाव

हॅलो?… हां, बोल गं ठमे… ऐकू येतंय, ओरडू नकोस. फोन टेबलावर ठेवून बोलतोय, हात अडकलेत माझे.

मामा?… आले होते ना. आले आणि गेले… आत्ताच… म्हणजे… रागावून गेले.

हॅलो?… आहेस का?

मी काय केलं? वा! मामा रागावले म्हटल्यावर आधी माझंच नाव!… बरं, बरोबर आहे. मीच केलं.

अगं ऐक ना. तुझ्या शनिवारच्या कार्यक्रमासाठी मामा त्यांच्या जुन्या अँप्लिफायरमधले चार व्हॉल्व्ह घेऊन आले होते… हो, हो, तेच, काचेचे, जुन्या रेडिओतल्या दिव्यांसारखे, क्लबच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे तेव्हाचे. एकेक व्हॉल्व्ह लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणला होता गं!… धुतलेले असावेत. मी काही वास घेऊन बघितला नाही.

मला म्हणाले, "तिच्या अँपला बसव. पोरगी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार, आवाज तरी खानदानी असू दे."… हो ना… आत्ताच रडू नकोस, पुढं जास्त रडण्यासारखं आहे.

आता एवढं म्हटल्यावर साधा माणूस काय करेल? "बरं मामा" म्हणेल… हो. पण मी पडलो तज्ज्ञ!… हस, हस. महिनाभर व्हिडिओ बघितलेत मी. पी हळद अन् हो गोरी! म्हटलं, "थांबा मामा. हल्ली बाजारात नकली माल फार आलाय. नव्या व्हॉल्व्हवर जुन्या कंपनीचं नाव छापतात आणि विकतात. आपण तपासून घेऊ."… हो, मामांना म्हटलं! ज्यांनी ते नवे असताना दुकानातून आणले, त्यांना!

मग काय… भिंग काढलं. डोक्याला टॉर्च बांधला… होय, तोच पट्ट्याचा. मामा म्हणाले, "खाणीत उतरतोयस का?" तेव्हाच थांबायला हवं होतं.

पहिल्या व्हॉल्व्हवरचं नाव अंगठ्यानं जरासं चोळलं… जरासंच गं!… नाव अंगठ्यावर, काच कोरी! म्हटलं, "बघा मामा, नकली! खऱ्या कंपनीची शाई इतकी कच्ची असेल का?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मग खात्री करायला दुसरा चोळला… तोही गेला… मग तिसरा…

अगं, एकावरून निष्कर्ष काढू नये म्हणतात!

मामा? उठले, चपला घातल्या. दारातून फक्त एवढंच, "तिला सांग, शनिवारी माझं जमेलसं वाटत नाही." चहा तसाच. चष्माही इथंच राहिलाय… फोन केला ना! उचलत नाहीत. चष्म्याशिवाय कुणाचा फोन आहे ते तरी कुठं दिसणार त्यांना!

काय?… परत बोल… खऱ्याचीच शाई पुसली जाते?… आणि नकलीची पक्की असते? म्हणजे उलटंच?… पण त्या व्हिडिओत… हं… पुढच्या भागात होतं वाटतं. मी पहिलाच भाग पुन्हा पुन्हा बघितला, त्यातला माणूस फार हुशार दिसत होता.

तुला कसं माहीत?… मामांनीच सांगितलं?… म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि मी चोळत होतो तेव्हा नुसते बघत बसले?… हो. बोलू कुठं दिलं मी! खरंय.

म्हणजे ते खरे असल्याचा पुरावा मीच माझ्या अंगठ्यानं… आणि वर अंगठा पँटला पुसला!

चौथा? आहे, आहे. मोज्यातच आहे. हात नाही लावला… नाही लावत म्हटलं ना.

थांब, पहिला, पुसलेला हातात घेतो… भिंगातून नीट दिसत नाही, मामांचा चष्मा लावतो… हां, बोल, काय करू?… वाफ सोडू? तोंडाची?… आरशावर सोडतो तशी?… हाऽऽऽ… काही नाही गं… हाऽऽऽ…

थांब.

ठमे… नाव आलं! अख्खं नाव, बाजूचा शिक्कासुद्धा!… गेलं… हाऽऽऽ… परत आलं! शाई गेली तरी काचेवर खूण राहिलीय गं…

अं?… नाही, सर्दी नाही झालेली… लाज वाटतेय मला. आई गेल्यावर आपल्या दाराशी रोज कोण येत होतं? हाच माणूस ना? आणि मी त्याला तोंडावर नकली म्हणालो… हो, व्हॉल्व्हला म्हणालो. पण लागलं कुणाला?

बेल वाजली… मामाच असणार, चष्म्यासाठी… अगं, फोन ठेवू नकोस हं! मला एकट्याला सोडू नकोस.

या मामा… हो, तुमचाच चष्मा घातलाय… नाही, नाही, फुंकत नव्हतो, वाफ देत होतो… ठमीनं सांगितलं… मामा, चारही खरे आहेत. खोटा मी… हो, तोच, डोक्याला टॉर्च बांधलेला. चुकलं माझं.

ठमे, आत आले… बसले… चौथा मोजा उलगडतायत… चष्मा मागितला, दिला… मामा? अहो मामा, नको!… अगं, पुसलं! चौथ्यावरचं नाव त्यांनी स्वतःच पुसलं!… काय म्हणालात?… ठमे, म्हणतात, "तीन भावंडं बिननावाची आणि एकट्यानंच मिरवायचं, बरं दिसत नाही. आवाज काही नावातून येत नाही."

शनिवारी?… विचारतो ना, दम धर… मामा, शनिवारी?… येतायत! येतायत गं!… हो, पण एक अट आहे. व्हॉल्व्ह ते स्वतः बसवणार, आणि तेव्हा मी खोलीबाहेर उभं राहायचं… मान्य, मान्य, रस्त्यावर उभा राहतो!

अरेच्चा!… अगं, अंगठा माझ्या शर्टाला पुसला त्यांनी! इस्त्रीच्या!… हसतायत वर… नाही, धुवायला नाही टाकत. शनिवारी हाच घालून येतो. अस्सल असल्याचा पुरावा आहे तो…

ठेव आता, चहा टाकतो त्यांना… हो… हो गं… नाही चोळत म्हटलं ना!