सगळे 'क' एकसारखे

तुम्ही फॉन्टचं कौतुक करताय म्हणून सांगतो, हाताने लिहिल्यासारख्या एका फॉन्टने आमच्या घरात रडारड झाली होती. माझी थोरली बहीण सुधाक्का नोकरीसाठी बंगळूरला होती. दर आठवड्याला तिचं धारवाडला पत्र यायचं. एकदा आईने पत्र उघडलं आणि लगेच माझ्यापुढे धरलं.

"हे सुधाने लिहिलेलं नव्हे. बघ, सगळे 'क' एकसारखे. माणसाच्या हातून असं होतंय का कधी?"

मी निरखून पाहिलं. कॉम्प्युटरवर छापलेलं होतं. मग हिला स्वतःला लिहायला काय झालं?

दोघं पळत एसटीडी बूथवर गेलो. हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, "आस्पत्रेगे होगिद्दाळे." दवाखान्यात गेलीय! पुढचं ऐकू येईना, फोनच कटला. आई रडत देवाचं नाव घेत होती. तासाभराने परत लावला, तेव्हा अक्काच बोलली.

"उजवा हात मोडलाय रे. आज प्लॅस्टर दाखवायला गेले होते. आई घाबरेल म्हणून हस्ताक्षरासारखा फॉन्ट शोधला."

आईने रिसीव्हर हिसकावून घेतला.

"डाव्या हाताने लिहायचं होतंस! तीस वर्षं शाळेत पहिलीच्या पोरांचं अक्षर वाचलंय मी."