पलंगाशेजारची उत्तरं

सर : पण चूक झाली हे प्रबंधात लिहायला तुला सांगितलं कुणी?

विद्यार्थिनी : कुणी नाही. पण झाली ना, सर.

सर : अगं, संशोधन पद्धतीचं प्रकरण म्हणजे कबुलीजबाब नव्हे. ‘मुलाखती घेतल्या’ एवढं लिहायचं आणि पुढे सरकायचं.

विद्यार्थिनी : कुठे घेतल्या ते नको सांगायला? पहिल्या फेरीत मी आजारी माणसाच्या खोलीतच जाऊन बसले. सासू पलंगावर, सून स्टुलावर, मी समोर. विचारलं, सेवा करताना काय त्रास होतो? एकजात सगळ्या सुना म्हणाल्या, काही नाही.

सर : मग झालं की. एकमुखी निष्कर्ष.

विद्यार्थिनी : धादांत खोटा. सासूच्या देखत तोंड कोण उघडेल? डोक्यात प्रकाश पडायला मला तेवढा वेळ लागला. मग दुसऱ्या फेरीत त्यांच्याबरोबर गच्चीवर गेले, चादर पिळायला दुसरं टोक धरलं. तेव्हा कुठे बोलायला लागल्या.

सर : बाहेरचे परीक्षक विचारतील, चादर पिळणं ही कुठली पद्धत?

विद्यार्थिनी : विचारू देत. सांगेन मी.

सर : म्हणतील, बाईला साधी मुलाखत घेता येत नाही. सगळी मेहनत पाण्यात जाईल. दोन्ही फेऱ्या एकत्र कर, गच्चीचं नाव काढू नकोस. नाहीतर माझी सही विसर.

विद्यार्थिनी : विसरले. पदवी नाही मिळाली तर नाही. पण ‘त्रास नाही’ हे त्यांच्या नावावर मी खपवणार नाही.

सर : हट्टी आहेस. सगळ्याच मनात कुढत असतात, असं का धरून चालतेस? माझे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. आमची ही सगळं करते. मी विचारलंय तिला. हसून म्हणाली, मला कसला आलाय त्रास.

विद्यार्थिनी : कुठे विचारलंत?

सर : कुठे म्हणजे? तिथेच. बाबांना भरवत होती तेव्हा.

(सर चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

विद्यार्थिनी : मी एक ओळही बदलणार नाही, सर.

सर : नको बदलूस. आण इकडे, करतो सही.

विद्यार्थिनी : आणि वहिनींना एकदा घराबाहेर नेऊन विचारा.

सर : बाहेर नेलं तर बाबांजवळ कोण थांबणार, हा प्रश्न मला आत्ता पहिल्यांदा पडतोय.