मांडवात आलेला घोयरा

मी रानशेतचा, बाप इथलाच, आजा इथलाच, शाळा म्हणाल तर दुसरी, पण चष्मा कधी लागला नाही, झाडावरचं पान न् पान दिसतं हे मी सगळ्यांना सांगत फिरायचो. आमच्यात मांडवाला आधी उंबराची फांदी लागते, पानांसकट, ती दारात रोवली की मगच हळद. यंदा भात झोडून झालं आणि नातीचं, सुनंदाचं लग्न धरलं. फांदी मीच तोडणार म्हटलं, तोडली, खांद्यावर घेऊन वाजत-गाजत दारी आणली, तर माझी थोरली बहीण जानकी ओरडली, अरे, पानाला डोळा आहे!

काय सांगू तुम्हाला, घोयरा सरडा! पानासारखा हिरवा, पानासारखा चपटा, शेपटीचं वेटोळं फांदीला. एक डोळा माझ्याकडे, दुसरा जानकीकडे, दोन्ही वेगवेगळे फिरवतो तो. बायका हळदीची ताटं घेऊन मागं सरल्या, कारण घोयरा चावला की माणूस पाणीसुद्धा मागत नाही असं आमच्याकडे सगळे म्हणतात. कोणी म्हणालं मारा. मी म्हटलं, मांडवाच्या फांदीवर रक्त सांडू देणार नाही. कोणी म्हणालं दुसरी फांदी आणा, पण दारी आणलेली फांदी परत न्यायची नसते. सुनंदा पाटावर रडवेली, आजा, माझी हळद राहिली का रे?

जानकी म्हणाली, पान न् पान दिसतं ना तुला, मग तूच आणलास, तूच काढ.

केला हात पुढं. आमची म्हातारी पदर डोळ्याला लावून रडायलाच लागली, म्हणजे मी गेलोच! घोयरा फुगला, काळा पडला, फुसफुसला. मीपण हट्टी, हात तसाच. मग आला, एक पाय उचलायचा, पुढं-मागं डुलायचा, ताडी प्यालेल्या पाव्हण्यासारखा, आणि चिमट्यासारखं माझं बोट धरलं. गुळाच्या ताटावर माशी घोंघावत होती, तर याची जीभ सुटली, अंगाहून लांब, आणि माशी गायब! आधी सुनंदा हसली, मग सगळा मांडव.

कुंपणाच्या शेवग्यावर सोडला त्याला, फांदी रोवली, हळद लागली. मला काही झालं नाही, समोर बसलोय तुमच्या. नात सासरी, विवळवेढ्याला, सुखात आहे. तो अजून शेवग्यावर असतो, नाकतोडे गिळतो, मला ओळख काही देत नाही. न देवो. त्याचं पोट भरो, आणि तुमच्या घरच्या पोरींनाही अशीच हसत-हसत हळद लागो.